सरांचा गिलास आणि चार बिऱ्हाडं

कुणाला ताप आला की डॉक्टर विचारतात, कधीपासून आहे? आमचे सर विचारायचे, केव्हा नसतो? हा प्रश्न त्यांनी आमच्या हॉस्पिटलच्या प्रिंटरला लावला, शिपायाच्या खोकल्याला लावला, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यालाही लावला. एकदा वर्धा स्टेशनवर एक गृहस्थ, पॅसेंजर रोज लेट का येते म्हणून कुरकुरत होते. सरांनी त्यांना बाकावर बसवून घेतलं आणि ती कोणत्या वारी वेळेवर येते ते आठवायला लावलं. त्या आठवण्याच्या नादात गृहस्थांची गाडी आली आणि त्यांना न घेताच गेली.

मला त्या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. अल्लीपूरच्या शाळेत मास्तरांनी गणित सांगून पुरं व्हायच्या आत माझा हात वर असायचा, आणि उत्तर हमखास चुकलेलं. अशा मुलीला देवानं सरांच्या हाताखाली नोकरीला लावलं, म्हणजे देवालाही गंमत करायची हौस असावी.

वर्ध्याबाहेरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरची खोली होती आणि सर त्या खोलीचे प्रमुख. खोलीत माणसं दोनच, ते आणि मी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर हे काम अंगावर घेतलं होतं. राहायचे नाचणगावला. पुलगावहून पॅसेंजरनं वर्ध्यापर्यंत, पुढे ऑटोनं. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात कांदा. फिजिक्सचा प्राध्यापक ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन फिरतो याची मला मोठी मौज वाटायची. तुमचा खरंच विश्वास आहे का यावर, असं मी एकदा विचारलंच.

"विश्वास नाई," सर म्हणाले. "पण आजपर्यंत मले ऊन लागलं नाई, अन् काऊन लागलं नाई थे माहीत नाई. माहीत होईपर्यंत कांदा राहू दे."

नोकरीची मुलाखतही अशीच. मी रात्र रात्र जागून पाठ केलेलं सगळं घेऊन गेले होते. सरांनी टेबलाच्या खणातून एक टॉर्च काढला, लावला, तो लख्ख लागला. मग माझ्यापुढे धरून विचारलं, "हा काऊन लागून राह्यला?" मी सेल, बल्ब, तार असं काहीबाही सांगत गेले आणि मध्येच अडकले. न लागणाऱ्या टॉर्चबद्दल विचारलं असतं तर मी धडाधडा बोलले असते. सर म्हणाले, बंद पडल्यावर सगळेच विचारतात, चालू असताना कोणी विचारत नाही. मग पुढच्या सोमवारपासून यायला सांगितलं. मी नापास झाले की पास, हे मला बाहेर पडल्यावरही कळलं नव्हतं.

आणखी एक खोड होती, ती गिलासाची. पिशवीत स्टीलचा एक गिलास असायचा. एखादं कोडं समोर आलं की सर तो माठातल्या पाण्यानं भरून टेबलावर ठेवायचे आणि सुटेपर्यंत त्याला तोंड लावायचे नाहीत. तहान लागली तर माठाशी जाऊन ओंजळीनं पाणी पीत, पण गिलासाला हात नाही. कोडं सुटलं की मात्र तो एका दमात रिकामा. गिलास किती वेळ भरलेला आहे त्यावरून हॉस्पिटलात आमच्या खोलीची खुशाली ओळखली जायची. लॅबची माणसं जाता-येता दारातून डोकावून गिलासाकडे बघत आणि पुढे जात.

त्यातला एक गिलास अख्खा उन्हाळा भरलेला राहिला. त्याचीच ही गोष्ट.

दोन हजारनंतरचं ते दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे रोजचं लोडशेडिंग. आधी खोलीत चार कॉम्प्युटर होते. एक लॅबचा, एक औषधांचा, एक केसपेपरचा आणि एक पगाराचा. चारही जुने, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात चौघं मिळून भट्टी पेटवायचे. सरांच्या नागपूरच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कंपनीतून निघालेला एक दणकट सर्व्हर आणि हार्ड डिस्कांचा एक वापरलेला डबा सरांना आणून दिला. सरांनी त्या एका सर्व्हरच्या पोटात चारही कॉम्प्युटर वसवले. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. बाहेरून यंत्र एकच, आत चार, आणि प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. मेट्रनबाईंना हे काही केल्या पटेना, तेव्हा सरांनी सांगितलं, एका घरात चार बिऱ्हाडं राहतात आणि अंगणात नळ एकच आहे असं समजा. घर म्हणजे सर्व्हर, नळ म्हणजे तो डिस्कांचा डबा. जे काही लिहून ठेवायचं ते चौघांनीही त्याच नळावर जाऊन.

वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या थोडा वेळ तग धरायच्या. तेवढ्यात सर्व्हर चारही बिऱ्हाडांना सांगायचा की आवरा. आवरायला मुदत तीन मिनिटं. हातातलं सगळं डिस्कवर नीट लिहून जो तो बंद झाला तर ठीक. मुदतीत जो बंद होणार नाही त्याला सर्व्हर तसाच, अर्धवट लिहिता लिहिता, तोडून टाकायचा आणि मग स्वतः बंद व्हायचा. थंडीभर हे सगळं सुरळीत चाललं. उन्हाळा लागला आणि लॅबचं मशीन तीन मिनिटांत आवरेनासं झालं. वीज आली की ते उठायचं तेच जखमी होऊन. कधी दोन रिपोर्ट गायब, कधी पूर्ण यादीच उघडायची नाही.

नागपूरहून एक इंजिनिअर आला. हुशार मुलगा होता, उगाच बढाया मारणारा नव्हता. त्यानं बंद होतानाच्या नोंदी पाहून सांगितलं की डिस्क संथ चालते आहे, लिहायला वेळ लागतो, तर मुदत वाढवा. सर म्हणाले, संथ का चालते ते कळल्याशिवाय मुदतीला हात लावायचा नाही. मी इंजिनिअरच्या बाजूनं होते. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टरही त्याच्या बाजूनं होते, आणि त्यांनी हुकूमच केला. मुदत दहा मिनिटं झाली. मी खूश झाले.

दोनच दिवसांनी वीज गेली. लॅबचं मशीन दहा मिनिटांच्या भरवशावर निवांत आवरत बसलं आणि त्याचं आवरून व्हायच्या आत यूपीएसच्या थकलेल्या बॅटऱ्यांनी मान टाकली. चारही बिऱ्हाडं, सर्व्हर, डिस्क, सगळं एका क्षणात अंधारात. त्या दिवशी सकाळपासून लॅबमध्ये सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, शिबिराचे रिपोर्ट भरले जात होते. आमच्या शिबिराच्या सिस्टर सेलू तालुक्याच्या टोकाच्या एका गोंड वस्तीवर जाऊन घरोघर पोरांचं रक्त घेऊन आल्या होत्या. रोजचं बॅकअप संध्याकाळी निघायचं आणि वीज गेली दुपारी. नमुने तपासून फेकले गेले होते, आणि आता रिपोर्टही नव्हते.

सिस्टर आमच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या की सुई टोचून घ्यायला ती माणसं एकदा तयार व्हावीत म्हणून मी वर्षभर त्या वस्तीवर गेले आहे, आता कोणत्या तोंडानं जाऊ.

"मी येतो," सर म्हणाले.

मोठे डॉक्टर म्हणाले, काही गरज नाही, नमुने खराब झाले असं सिस्टर सांगतील. सरांनी त्यावर वादही घातला नाही. दुसऱ्या दिवशी डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा घालून ते जीपमध्ये जाऊन बसले. मीही गेले. का गेले ते आज नीट सांगता येणार नाही, पण खोलीत त्या भरलेल्या गिलासासमोर एकटीनं बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

वस्तीच्या मधोमध मोहाचं झाड होतं, त्याखाली माणसं जमली. सरांनी चपला काढल्या आणि उभं राहून सरळ सांगितलं की तुमच्या लेकरांचं रक्त तपासलं होतं, जे निघालं ते यंत्रात लिहिलं होतं, आणि ते पुसलं गेलं. यंत्र माझ्या ताब्यात आहे, तेव्हा चूक माझी. माणसं आपसांत गोंडीत बोलली. मग एक बाई पुढे आली. तिचा मोठा मुलगा सिकलसेलचाच होता. हातापायांच्या दुखण्यानं तो महिन्यातले कितीतरी दिवस खाटेला खिळलेला असायचा. कडेवर धाकटी मुलगी होती, तिचंच रक्त बाईनं शिबिरात तपासायला देऊ केलं होतं. मुलीतही ते दुखणं असेल तर आधीच औषध सुरू करता येतं, एवढं सिस्टरांनी तिला पटवलं होतं.

"पुन्हा टोचू देतो," ती म्हणाली. "पुन्हा पुसलं तं?"

मी, सिस्टर, जीपचा ड्रायव्हर, आम्ही सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आता पुसणार नाही म्हणून. कुणीही बोललं असतं. मी तर मनातल्या मनात बोलूनही टाकलं होतं.

"तसं सांगता येत नाई मले," सर म्हणाले. "काऊन पुसलं थेच अजून समजलं नाई."

बाईनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मंग समजल्यावर या," ती म्हणाली.

परतताना जीपमध्ये सिस्टर रडल्या. मी सरांवर चिडून खिडकीबाहेर बघत बसले होते. एका खोट्या शब्दानं त्या मुलीचा रिपोर्ट मिळाला असता. पण इतकी वर्षं मोठ्या माणसांत वावरून मी कुणाला असं, सगळ्यांदेखत, मला माहीत नाही म्हणताना पाहिलं नव्हतं. त्या बाईनंही तो शब्द ऐकून त्यांना हाकलून दिलं नव्हतं, परत या म्हणाली होती. हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी मुदत पुन्हा तीन मिनिटांवर आणली आणि लॅबच्या नोंदी तासातासाला दुसरीकडे उतरवून घ्यायचं काम मला लावलं. निदान आता काही जाणार नव्हतं. मी म्हटलं, सर, झालं की मग, चला वस्तीवर. ते म्हणाले, हे भांड्याखाली भांडं ठेवणं झालं, गळतं कुठून ते कुठं कळलं?

मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. लॅबचं मशीन केव्हा अडकत नाही?

मी फणकाऱ्यानं म्हणाले, रविवारी. म्हणाले खरी, आणि म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं. वीज रविवारीही जायची, पण सोमवारी सकाळी मी आले की लॅबचं मशीन धडधाकट असायचं. रिपोर्ट गेल्यावर इंजिनिअर पुन्हा आला होता, तो हसला. म्हणाला, रविवारी लॅबला काम कमी असतं म्हणून लवकर आवरतं. सरांनी मान हलवली आणि येत्या रविवारी आम्हा दोघांना बोलावलं. आम्ही बसून लॅबच्या मशीनला खोटं काम दिलं, सोमवारी असतं त्याहून जास्त. दुपारी वीज गेली. मशीन तीन मिनिटांच्या आत शहाण्यासारखं बंद झालं. इंजिनिअर हसायचा थांबला.

म्हणजे काम हे कारण नव्हतं. मग रविवारी या हॉस्पिटलात दुसरं काय होत नाही? सर व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. ओपीडी होत नाही. पगाराचं ऑफिस उघडत नाही. ऑपरेशन होत नाही. तिथं ते थांबले. ऑपरेशन होत नाही म्हणून जनरेटर लागत नाही.

मी म्हटलं, सर, जनरेटरचा आपल्याशी संबंधच नाही. तो फक्त ऑपरेशन थिएटरला वीज देतो, आपल्या खोलीत त्याची तारसुद्धा येत नाही. सर म्हणाले, "तार नाई येत. तो सोता किती दूर आहे?"

तो भिंतीपलीकडे होता. आधी मागच्या अंगणात असायचा. पण उन्हात तापून बंद पडतो म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला तिथून हलवून आमच्या भिंतीच्या सावलीत, पक्क्या चौथऱ्यावर बसवलं होतं. आणि त्याच सुमारास मी, होय मीच, डिस्कांचं रॅक कूलरची हवा लागावी म्हणून त्याच भिंतीला टेकवलं होतं. ऊनच तसं होतं. दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापलं यंत्र सावलीला आणलं होतं आणि भिंत एकच निघाली.

सोमवारी सर टेबलावरचा गिलास उचलून घेऊन गेले. न सांडता, पाऊल मोजून टाकत. तो त्यांनी डिस्कांच्या डब्यावर ठेवला आणि आम्ही वीज जायची वाट बघत बसलो. आयुष्यात लोडशेडिंगची वाट पाहिली ती तेवढीच. वीज गेली. कूलर थांबला, खोली चिडीचूप झाली, गिलासातलं पाणी स्तब्ध. मग भिंतीपलीकडे जनरेटर खोकलला आणि धडधडू लागला. आणि पाण्यावर वर्तुळं उठली. बारीक, एकात एक, थांबायचं नाव नाही.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी फिरत असते आणि तिच्यावर केसाहून कमी उंचीवरून एक सुईसारखं टोक लिहीत जातं. जनरेटरच्या हादऱ्यांनी ते टोक दर वेळी जागेवरून चुकत होतं, परत येत होतं, पुन्हा लिहीत होतं. डिस्क आजारी नव्हती. तपासायला जावं तेव्हा वीज असायची, जनरेटर बंद असायचा, आणि ती ठणठणीत सापडायची. वीज गेली, की नेमकं आवरायच्या घाईच्या वेळी, चारही बिऱ्हाडं एकदम नळावर यायची आणि नळाची धार करंगळीएवढी झालेली असायची. इंजिनिअरनं आपल्या लॅपटॉपवर लिहिण्याचा वेग बघितला, मग गिलासाकडे बघितलं आणि खाली वाकून कितीतरी वेळ तसाच राहिला. मोठे डॉक्टर आले, तेही वाकले. एका गिलासाभोवती एवढी शिकलेली माणसं वाकलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो कशानं आला हे सांगायला मी लाजत नाही. मनुष्य एवढा वेळ थांबू शकतो, यानं आला.

सर मात्र पाणी प्यायले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, अजून ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं नाही.

रॅक भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. पायांखाली ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे जाड तुकडे घातले. चौघांनी एकदम नळावर न जाता एकामागून एक जावं, आणि सगळ्यांत आधी लॅबनं, अशी पाळी लावून दिली. मुदत तीन मिनिटंच ठेवली. आणि मग आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो.

त्याच झाडाखाली सर जमिनीवर बसले. गिलास त्यांनी सोबत आणला होता. तो भरून घेतला, पत्र्याच्या एका पेटीवर ठेवला आणि पेटीच्या बाजूवर मुठीनं हळूहळू ठोकलं. पाणी थरथरलं. मग बाईला म्हणाले, असं हलत असताना या पाण्यावर बोटानं रेघ ओढायची असेल तर कसं जमेल? आमचं लिहिणारं यंत्र असं हलत होतं. पलीकडे मोटर होती आणि आमच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

बाईनं स्वतः एकदा पेटीवर ठोकून पाहिलं. मग पुन्हा एकदा. "मोटर दूर नेली?" तिनं विचारलं.

"मोटर तिथीच आहे. यंत्र दूर नेलं, खाली रबर घातलं."

"अन् आता हालत नाई?"

"आता नाई हालत. पाहून आलो."

मग तिनं कडेवरच्या मुलीचं मनगट धरून सिस्टरांच्या पुढे केलं. तिच्या मागं एकेक करून सगळी वस्ती आली. पहिल्या खेपेला आली होती त्याहून जास्त माणसं आली असं सिस्टर मला नंतर कितीदा तरी सांगायच्या.

नमुने लॅबमध्ये तपासले गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी नोंदी बघत असताना वीज गेली. सर उठून माझ्या मागं उभे राहिले. गिलास पुन्हा भरून डब्यावर ठेवलेला होताच. जनरेटर खोकलला, धडधडला. पाणी आरशासारखं राहिलं. पडद्यावर लॅबचं मशीन आवरायला लागलं आणि बंद झालं, मग औषधांचं, मग केसपेपरचं, मग पगाराचं. सर्व्हरनं कुणालाही तोडलं नाही.

वीज परत आली तेव्हा मी लॅबची यादी उघडली. त्या धाकटीचं नाव जागेवर होतं. मोठ्या भावाचं दुखणं तिच्यातही होतं, आणि ते औषध सुरू करता येईल इतक्या लवकर कळलं होतं. सिस्टरांना मी तिथूनच हाक मारली.

सर म्हणाले, "हे काऊन शाबूत राह्यलं?"

टॉर्चच्या दिवसापासून पहिल्यांदा मी अडकले नाही. भिंत, जनरेटर, पाण्यावरची वर्तुळं, टायरचे तुकडे, नळावरची पाळी, तीन मिनिटं, सगळं सावकाश, पहिल्यापासून सांगत गेले. हात वर करायची घाई नव्हती. माझं सांगून झालं तेव्हा सरांनी डब्यावरचा गिलास उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं.